विमानातील डिजिटल पॅनेलबाबत खुलासा

‘खासगी छोट्या विमानातील जुनी गोल उपकरणे काढून मालकाने स्वतःच डिजिटल स्क्रीन बसवली तरी चालते’, असा संदेश जळगाव-धुळे परिसरात फिरत आहे. तो चुकीचा आहे. विमान नियम, १९३७ नुसार नोंदणीकृत विमानातील असा बदल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला मान्य असलेल्या आराखड्यानुसारच करावा लागतो आणि परवानाधारक अभियंत्याने तो प्रमाणित करावा लागतो. त्यात विद्युतभार, वजन, गुरुत्वमध्य यांचा नवा हिशेब येतो. वेग व उंचीच्या उपकरणांपर्यंत हवेचा दाब पोहोचवणाऱ्या पिटो-स्टॅटिक नळ्या उघडल्या असतील तर गळतीची चाचणीही येते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण त्या नळ्यांतील बारीक गळतीनेही वेग व उंची चुकीची दिसू शकते. टॅबलेटवर नकाशा जरूर पाहावा, परंतु तो या उपकरणांची जागा घेत नाही. धुळ्यात उड्डाणाचे धडे घेणारी मुलेही असे संदेश वाचतात. तेव्हा कृपया तो पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास हा खुलासाही तिथे द्यावा.