हुशार पोरांना मास्तरकीकडे कसं वळवावं

शाळेत पूर्वीसारखे शिक्षक राहिले नाहीत, चांगली पोरं या लाइनला येतच नाहीत, असं नाशिकच्या कॉलेज रोडवर मिसळीचा दुसरा रस्सा मागवताना तुम्ही म्हणता, ते अगदी पटतं. काहीतरी केलंच पाहिजे. तुमची मुलगी हिंजवडीला आयटीत आहे आणि धाकटा नीटच्या क्लासला जातो, तेव्हा ते दोघं सोडून बोलू. बाकीच्यांच्या पोरांना कसं ओढायचं, ते सांगतो.

पगाराचा विषय आपण होऊन काढू नका. समोरच्याने काढलाच तर ‘गुरुः साक्षात् परब्रह्म’ म्हणा. या परब्रह्माला पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणतात आणि २०२३ पासून त्याला प्राथमिकला महिना १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये मानधन मिळतं. आधी प्राथमिकला ६,००० होते, हे अगोदर सांगा, म्हणजे पुढचा आकडा गोड लागेल. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे सांगायची घाई करू नका. निवृत्त होताना कळेलच.

पोराच्या चिकाटीची तारीफ मात्र भरपूर करा, पुढे तिचंच काम आहे. बारावीनंतर डी.एल.एड. नाहीतर पदवीनंतर बी.एड., दोन्हीकडे दोन-दोन वर्षं. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, खुल्या प्रवर्गाला १५० पैकी ९० गुण. मग टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. ती पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. आपला सिंहस्थ बारा वर्षांनी का होईना, कधी येणार ते पंचांगात सापडतं. टेटला तशी सोय नाही. पुढे शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. तिथे स्वप्रमाणपत्र भरायचं, प्राधान्यक्रम लॉक करायचे आणि यादीची वाट बघायची. मध्ये आचारसंहिता लागते, कोणीतरी याचिका टाकतं, आरक्षणाची बिंदुनामावली अडकते. तोवर पोराला गंगापूर रोडच्या एखाद्या क्लासमध्ये तासावर शिकवू द्या, अनुभव वाढतो. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. म्हणजे पन्नाशीचे काका आणि पंचविशीचा पुतण्या एकाच गाईडवर अभ्यास करू शकतात. कुटुंबं जवळ येतात ती अशी.

एवढा धीर नसेल त्याला खासगी संस्थेत चिकटवा. तिथे देवाणघेवाणीची भाषा फार सभ्य असते, बिल्डिंग फंडाच्या पुढे कोणी जात नाही. शेत विकून लागलेला शिक्षक मुलांना प्रामाणिकपणाचा धडा मन लावून शिकवतो, कारण त्याला त्याची किंमत ठाऊक असते. लागल्यावर कळतं की शाळा विनाअनुदानित आहे, किंवा टप्प्यावर आहे, म्हणजे पगाराचे काही टक्केच अनुदान मिळतं. यातून लग्नाच्या बाजारात एक नवी पंचाईत झालीय. मध्यस्थ सांगतो, ‘मुलगा शिक्षक आहे.’ मुलीचे वडील विचारतात, ‘किती टक्क्यांवर?’ उत्तर २० आलं की चहा येतो, पोहे येत नाहीत.

शिकवायचं काम कसं असतं, ते पोरांना दाखवू नका, असं माझं मत आहे. पण कोणी हट्टच धरला तर पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या दोन शिक्षकी शाळेत न्या. एक मास्तर बीएलओच्या, म्हणजे निवडणुकीच्या बूथ अधिकाऱ्याच्या, कामाने मतदार यादी घेऊन पाड्यावर गेलेला. दुसऱ्यापुढे चार वर्ग एकाच खोलीत, तिसरीची पोरं हातच्याच्या बेरजेशी झटापट करतायत. एका पोरीला हातचा कुठून आला ते नुकतंच कळलंय आणि ती ते शेजारणीला समजावतेय. तेवढ्यात खिचडी शिजते, मास्तर ती चाखून चव नोंदवहीत सही करतो. फोनवर ग्रुपमध्ये मेसेज पडतो: ‘अत्यंत तातडीचे. सोबतच्या नमुन्यात माहिती आज बारापर्यंत सादर करावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.’ घड्याळात पावणेबारा. रेंज मागच्या टेकाडावर. मास्तर पळतो आणि बेरीज त्या पोरीच्या ताब्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात. बाकीची सगळी कामं शैक्षणिक आहेत असं मानलं की कायदाही पाळला जातो आणि नमुनाही भरला जातो.

करिअर मार्गदर्शनाची सहल काढायची तर गडकरी चौकात आदिवासी विकास भवनापर्यंत न्या. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांतले रोजंदारी कर्मचारी, त्यात शिक्षकही, तिथे रस्त्यावर बिऱ्हाड मांडून बसले होते, बाह्यस्रोतातून भरती नको म्हणून. पाहुणचार, भर पावसातलं उघड्यावरचं जेवण, घोषणा, सगळं एका जागी बघायला मिळालं असतं. तुमची गाडी तेव्हा सिग्नलला अडली होती, म्हणून तुम्ही चिडला होता.

शिक्षकाला भाव नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. विधान परिषदेत त्याचा स्वतंत्र मतदारसंघ आहे. २०२४ मध्ये नाशिक विभागात निवडणूक झाली, तेव्हा पैठणी, सफारीचं कापड आणि नथ वाटल्याचे आरोप झाले. अर्थात यात मत असतं ते माध्यमिक आणि वरच्या शिक्षकांना. पहिलीला ग-म-भ-न गिरवून घेणारी बाई मतदारच नाही, म्हणजे आरोपातसुद्धा तिच्या वाट्याला काही आलं नाही.

आता एक अडचण सांगून ठेवतो. काही पोरं असली काहीही युक्ती न करता येतात. कळवणची कोणीतरी मुलगी असते, तिला हे सगळं माहीत असतं आणि तरी शिकवायचंच असतं. कारण विचारलं तर नीट सांगताही येत नाही, ‘मला आवडतं’ म्हणते. सारी व्यवस्था तिच्यासारख्यांच्या आवडीवर चालते आणि तिला ते चांगलं कळतं. तिला आकर्षित वगैरे करत बसू नका. ती नाशिकला खोली शोधत येईल, तुमचा वरचा मजला रिकामा आहे. डिपॉझिट जरा कमी घ्या आणि भाडं एक तारखेलाच हवं म्हणू नका, कारण मानधन कधी जमा होईल ते तिलाही ठाऊक नसतं. काय म्हणता, त्यापेक्षा आयटीवाला बरा, महिन्याच्या महिन्याला देतो? तेही खरंच. मग पाच सप्टेंबरला शाल-श्रीफळ द्या.