सांगोला, आबासाहेब आणि १९२ मतं

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. वर आबासाहेबांचा, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा, एसटीतला फोटो, खाली मजकूर: 'सांगोल्याचे ५५ वर्षं सलग आमदार, ११ वेळा विजय, एकदाही पराभव नाही, एकाच मतदारसंघातून एवढ्या वेळा निवडून आलेला जगात दुसरा माणूस नाही, मंत्रिपदाला कधी शिवले नाहीत, आणि अशा माणसाला २०१९ ला सांगोल्यानं पाडलं.' शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

आधीच सांगतो, आमचं घर लाल बावट्याचं, म्हणजे आबासाहेबांच्या शेतकरी कामगार पक्षाचं (शेकाप), आबासाहेबांबद्दल वाकडा शब्द काढायची माझी हिंमत नाही. पण ह्या मेसेजमध्ये ११ चा आकडा सोडला तर धड काही नाहीये.

पहिलं ते 'सलग' आणि 'एकदाही पराभव नाही'. आबासाहेब पहिल्यांदा निवडून आले १९६२ ला, मग १९६७. १९७२ ला हरले, काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे पाटील आले. दोनच वर्षांनी १९७४ ला पोटनिवडणूक लागली, त्यात आबासाहेब परत आले, मग ७८, ८०, ८५, ९०. आणि १९९५ ला पुन्हा हरले, शहाजीबापू पाटलांकडून, तेव्हा बापू काँग्रेसमध्ये होते. फरक किती तर १९२ मतं! तेव्हा मशीन नव्हतं, कागदी मतपत्रिका आणि शिक्का. आमच्या तात्यांना तो आकडा असा लागला की घरात म्हणच पडली, दुधाचं माप जरा कमी भरलं की तात्या म्हणायचे, "एकशे ब्याण्णवनं हुकलं बघ." पुढं १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा, ११ च भरतात, पण मधे दोन खड्डे आहेत. आणि ५५ वर्षं म्हणाल तर १९६२ ते २०१९ म्हणजे ५७, त्यातनं पहिल्या पराभवाची दोन आणि दुसऱ्याची साडेचार वजा करा, पन्नास-एक्कावन्न राहतात. हे काय कमी आहेत का, वर चार कशाला चढवायचे?

जगाचं सोडा, भारतातच बघा. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ पासून २०१६ पर्यंत १३ वेळा निवडून आले, ओमन चंडी पुथुपल्लीतून १९७० ते २०२१ सलग १२ वेळा. करुणानिधींचंही नाव कुणी घेतं, तेही १३ वेळा आमदार झाले पण त्यांचे मतदारसंघ बदलत गेले, सांगोल्याशी तुलना करायची तर मणी आणि चंडीच. दुसरा माणूस नाही म्हणे.

मंत्रिपद. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आबासाहेब मंत्री होते आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या सरकारातही. २००२ ला शेकाप त्या सरकारातनं बाहेर पडला हे खरं, पण 'शिवले नाहीत' हे कुठनं आणलं? मंत्री होऊनही एसटीनं फिरणारा माणूस जास्त मोठा की मंत्रिपदच न मिळालेला? पण फॉरवर्ड करणाऱ्याला साधू पाहिजे असतो. ज्यांनी दुष्काळी सांगोल्यात सूतगिरणी उभी केली आणि नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत वर्षानुवर्षं कृष्णेच्या पाण्यासाठी भांडले, ते व्यवहारी राजकारणीच होते.

आता सगळ्यात चीड आणणारं वाक्य, 'सांगोल्यानं पाडलं'. अहो, २०१९ ला आबासाहेब उभेच नव्हते! वय झालं म्हणून थांबले होते. शेकापकडून त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख होते, समोर परत शहाजीबापूच, पण आता शिवसेनेकडून. ९९,४६४ विरुद्ध ९८,६९६, म्हणजे ७६८ मतांनी गेली सीट. गंमत बघा, १९९५ चे १९२ आणि हे ७६८, बेरीज ९६०. एका बूथच्या यादीत साधारण एवढी नावं असतात. म्हणजे बापूंनी शेकापला दोनदा हरवलं, चोवीस वर्षांच्या अंतरानं, दोन वेगळ्या पक्षांकडून, आणि दोन्ही वेळचा फरक मिळून एका बूथएवढा. ह्याला कृतघ्नपणा म्हणायचा का काट्याची लढत? 'तिथं काय, समाजाच्या मतांवर चालतं' म्हणणाऱ्यांनाही हेच विचारतो, ९० आणि ९५ मधे तालुक्यातली जात बदलली होती का?

ह्या मेसेजच्या खाली हल्ली एक शेपूटही जोडलेलं असतं, की '२०२४ ला काय झाडी काय डोंगार डायलॉगनं बापूंना बुडवलं आणि महाविकास आघाडीमुळं शेकाप परत आला'. आघाडीमुळं? आघाडीतल्या ठाकरेंच्या शिवसेनेनं तिथं दीपकआबा साळुंख्यांना तिकीट दिलं होतं, म्हणजे शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, आबासाहेबांचे दुसरे नातू, आघाडीच्या उमेदवाराविरुद्धसुद्धा लढूनच आले, पंचवीस हजारांच्या वर मतांनी, आणि राज्यात शेकापचा तेवढा एकच आमदार आला. डायलॉगचं म्हणाल तर (२०२२ ला शिंदेंच्या बंडात गुवाहाटीला गेलेल्या बापूंनी तो फोनवर मारला होता) बापूंची मतं ९९ हजारांवरनं ९० हजार ८७० वर आली, साडेआठ हजारांची घट. एवढ्या गाजावाजानंतर, गुवाहाटीनंतर, फक्त साडेआठ हजार. त्यातही २०१९ ला बापूंच्या बाजूनं असलेले दीपकआबा ह्यावेळी स्वतः उभे राहून जवळपास ५१ हजार घेऊन गेले. ते ५१ हजार आधी हिशोबात धरा, मग झाडी-डोंगाराला शिव्या घाला.