आईला ते कोळ्यांचे व्हिडिओ पाठवणं बंद करा!

ताई सिडनीला राहायला गेल्यापासून कोथरूडमधल्या आमच्या गोतावळ्याने आईच्या जिवाला घोर लावायचा विडाच उचललाय. रोज सकाळी कुणीतरी तिकडच्या कोळ्याचा नाहीतर सापाचा व्हिडिओ पाठवतं आणि आई दिवसभर ताईला फोन लावत बसते. अहो, तो तळहाताएवढा हंट्समन कोळी दिसायला भयंकर, पण माणसाच्या जिवावर बेतणारा नाही. खरा जहरी फनेल-वेब. त्यावरचं प्रतिविष १९८१ मध्येच आलं, आणि तेव्हापासून त्याच्या चाव्याने कुणी दगावल्याची नोंद नाही.

ताईला छळतो तो मॅगपाय पक्षी! सप्टेंबरच्या सुमारास, त्यांच्या वसंतात, घरट्याजवळून सायकल गेली की मागून थेट डोक्यावर झडप. बिचारी हेल्मेटला केबल टायचे काटे उभे करून ऑफिसला जाते. त्याची चौकशी केलीय कुणी?

आणि सापांचं आपण बोलावं? २००० ते २०१९ मध्ये भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे. तिकडे ऑस्ट्रेलियात वर्षाला जेमतेम दोन-तीन जण. घोणस आपल्या सिंहगडाच्या पायथ्याशी आहे, आणि तिथे तुम्ही अंधारात चपला घालून फिरता! यापुढे काही पाठवायचं असेल तर मला पाठवा. आईला नाही.