ब्रेव्हस्टारचा बिल्ला आणि आपल्याकडची चकमक

अमेरिकेत १९८७ साली ‘ब्रेव्हस्टार’ नावाची एक कार्टून मालिका सुरू झाली आणि पासष्ट भाग होऊन पुढच्या वर्षाच्या आरंभी संपली. तेविसाव्या शतकातला ‘न्यू टेक्सस’ हा वाळवंटी ग्रह, तिथे सापडणारे केरियम नावाचे लाल, मौल्यवान खनिज, त्या खनिजामागे धावत आलेले खाणमजूर, व्यापारी आणि लुटारू, आणि या सगळ्यांवर कायद्याचा अंमल ठेवणारा मार्शल, एवढ्यावर तिचा सारा पसारा उभा आहे. मार्शल ब्रेव्हस्टार हा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या वंशातला आहे. संकट आले की तो ससाण्याची नजर, लांडग्याचे कान, अस्वलाचे बळ आणि प्यूमाचा वेग यांना हाक घालतो. त्याचा साथीदार थर्टी-थर्टी हा बोलणारा आणि दोन पायांवर उभा राहणारा अर्धयांत्रिक घोडा आहे, आणि त्याच्या हाती ‘सारा जेन’ नावाची भलीमोठी बंदूक असते. मॅटेल कंपनीची खेळणी खपावीत हा या उद्योगातला उघड हेतू होता. एकच धावण्याचे दृश्य पुन्हा पुन्हा वापरण्याची फिल्मेशन स्टुडिओची काटकसरही जागोजागी दिसते. ही त्या स्टुडिओची शेवटची मालिका ठरली. १९८९ मध्ये तो बंद पडला. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल, आणि न पाहिल्याने कोणाचे मोठे नुकसान झाले असे मी म्हणणार नाही.

तरीही महाराष्ट्रात पोलीस चकमकींवरून वाद पेटला की मला या मार्शलची आठवण होते. त्याचे कारण त्याच्या अंगातले अस्वलाचे बळ नसून त्याच गावात राहणारी जज जे. बी. हे पात्र आहे. ब्रेव्हस्टार गुन्हेगाराला पकडतो आणि तिच्या न्यायालयापुढे उभा करतो. शिक्षा काय व्हावी हे तो ठरवत नाही. थर्टी-थर्टीचा स्वभाव नेमका उलटा आहे, आधी बंदूक आणि मग विचार, आणि त्याला आवर घालण्यात मार्शलचा बराच वेळ जातो. सहा वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या, खेळणी विकण्यासाठी काढलेल्या कार्टूनमध्येही लेखकांना हे दोन अधिकार दोन माणसांकडे ठेवावेसे वाटले. ज्या चित्रपटी पोलीस अधिकाऱ्यावर आपण टाळ्या पिटतो, तो मुळात लोकप्रिय होतो ते न्यायालयाचे काम स्वतःच उरकून टाकल्यामुळे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये पोलीस सुधारणांविषयीच्या एका कार्यक्रमात हेच दुखणे बोलून दाखवले होते आणि अशा चित्रपटांतून घातक संदेश जातो असे म्हटले होते. त्यावर आपल्याकडे दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

बरोबर एका वर्षाने, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. त्याने पोलिसाचे शस्त्र हिसकावून गोळीबार केला म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. मुंबई उच्च न्यायालयाने पहिल्याच सुनावणीत पोलिसांच्या सांगण्यावर प्रश्न उपस्थित केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या सांगण्यावर गंभीर शंका घेतली. तोवर आमच्या व्हॉट्सॲप गटातल्या मंडळींनी आपापला निकाल केव्हाच देऊन टाकला होता. त्या गटात पुणे, नाशिक, सांगली इथली नातेवाईक मंडळी आहेत, तशी टेक्सस, न्यू जर्सी आणि आमच्या ओक्लाहोमातलीही आहेत, आणि सर्वांत मोठा जल्लोष परदेशातल्या मंडळींचा होता, हे मला नमूद करावेसे वाटते.

याच मंडळींना इथे रस्त्यावर पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली की काय होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. हात स्टिअरिंगवर, आवाज खाली, परवाना काढण्याआधी परवानगी, आणि घरी आल्यावर मुलांना शिकवण की आपले घटनात्मक हक्क कोणते आणि वकिलाशिवाय काय बोलू नये. मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला तेव्हा यांतल्या कित्येकांनी कळवळून लिहिले होते, आणि ते कळवळणे खोटे नव्हते. ज्या बंदुकीची टोके आपल्याकडे वळू शकतात तिच्याविषयी माणूस सावध असतो; सात समुद्रांपलीकडच्या बंदुकीविषयी त्याला शौर्याच्या कल्पना सुचतात. अर्थात, अमेरिकेचे उदाहरण देऊन मायदेशाला शहाणपण शिकवण्याचा माझा हेतू नाही. या देशात पोलिसांच्या गोळीने दरवर्षी सुमारे एक हजार माणसे मरतात, आणि त्यांतल्या फार थोड्या प्रकरणांत एखाद्या अधिकाऱ्यावर खटला उभा राहतो.

मी ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात राहतो, आणि इथे राहिल्यामुळे ब्रेव्हस्टारकडे पाहण्याची माझी नजर थोडी वेगळी झाली असावी. एकोणिसाव्या शतकात हा सगळा भाग ‘इंडियन टेरिटरी’ होता. पूर्वेकडून हुसकावून आणलेल्या मूळ रहिवाशांच्या जमातींना तो कायमचा म्हणून दिला गेला, आणि पुढे तिथे तेल सापडले. केरियमच्या ग्रहाचे कथानक इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. टल्साच्या वायव्येला ओसेज लोकांचा प्रदेश आहे. तिथल्या तेलाचे उत्पन्न आपल्या हाती यावे म्हणून १९२० च्या दशकात त्यांचे पद्धतशीर खून पाडले गेले, आणि स्थानिक कायदा त्यांना वाचवू शकला नाही. काही गुन्हेगारांना शिक्षा झाली तीसुद्धा केंद्राचे तपास अधिकारी आल्यानंतर. गंमत अशी, की न्यू टेक्ससवरही मूळचे रहिवासी आहेत. ‘प्रेअरी पीपल’ नावाचे ते बुटके, जमिनीत बिळे करून राहणारे, यंत्रांत तरबेज लोक आहेत, आणि त्यांच्यातलाच एक जण मार्शलचा मदतनीस होतो. स्वतः विस्थापितांच्या वंशातला असलेला मार्शल दुसऱ्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर खाणवाल्यांच्या वसाहतीचा कायदा राखतो, ही विसंगती मालिकेच्या लेखकांच्या लक्षात आली होती की नाही, हे पडद्यावरून कळत नाही.

त्याहून मोठी विसंगती पडद्याबाहेर आहे. अमेरिकी कार्टून मालिकेला मूळ रहिवासी नायक मिळाला, याचे कौतुक आजही केले जाते. तो मार्शल कोणत्याही वंशाच्या लुटारूला बेड्या घालतो आणि कोणी त्याला ‘तुला हा अधिकार नाही’ असे म्हणत नाही. प्रत्यक्षात मालिकेच्या नऊ वर्षे आधी, १९७८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन राज्यातल्या सुक्वामिश जमातीच्या खटल्यात असा निर्णय दिला होता, की जमातीच्या न्यायालयांना जमातीबाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार नाही. म्हणजे आपल्याच राखीव प्रदेशात, आपल्याच माणसाला मारहाण करणारा गोरा इसम जमातीच्या पोलिसांनी पकडला, तरी जमातीचे न्यायालय त्याला शिक्षा करू शकत नव्हते. घरगुती हिंसाचारापुरता हा अधिकार २०१३ मध्ये काही अंशी परत मिळाला आणि २०२२ मध्ये तो आणखी काही गुन्ह्यांपर्यंत वाढला. २०२० च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की मस्कोगी (क्रीक) लोकांचा राखीव प्रदेश कायद्याने कधी रद्दच झाला नव्हता. टल्सा शहराचा बराच भाग त्या प्रदेशात येतो. आज माझ्या घरासमोरच्या रस्त्यावर गुन्हा घडला तर खटला राज्य चालवणार, केंद्र चालवणार की मस्कोगी नेशन, हे आरोपी आणि पीडित व्यक्ती कोणत्या जमातीची नागरिक आहे किंवा नाही यावर ठरते. कल्पनेतल्या मार्शलला ससाण्याची नजर देणाऱ्या देशाने खऱ्या मार्शलला साधा आरोपपत्राचा अधिकार देताना किती हात आखडला, हे इथे राहून रोज दिसते.

टल्सापासून दोन तासांवर, आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथ येथे, बास रीव्हज यांचा घोड्यावरचा पुतळा आहे. रीव्हज यांचा जन्म गुलामीत झाला. १८७५ पासून त्यांनी न्यायाधीश आयझॅक पार्कर यांच्या न्यायालयासाठी या इंडियन टेरिटरीत उपमार्शल म्हणून काम केले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. वॉरंट कोणीतरी वाचून दाखवावे आणि त्यांनी ते तोंडपाठ करावे. तीन हजारांहून अधिक माणसे पकडून आणल्याचे ते सांगत. स्वतःच्या मुलावर पत्नीच्या खुनाचा आरोप आला तेव्हा त्यालाही त्यांनीच पकडून आणले. ब्रेव्हस्टार फिका पडावा असे हे आयुष्य आहे. परंतु मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच घटना. आपल्याच तुकडीतल्या स्वयंपाक्याला गोळी घालून मारल्याचा आरोप रीव्हज यांच्यावर आला, त्यांना अटक झाली, आणि १८८७ मध्ये, म्हणजे कार्टूनच्या बरोबर शंभर वर्षे आधी, ते त्याच पार्कर यांच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहिले. बंदूक साफ करताना चुकून गोळी सुटली, असा त्यांचा बचाव होता. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले आणि ते पुन्हा कामावर गेले. त्यांच्या कीर्तीला त्या खटल्याने काळिमा लागला असे आज इथे कोणी मानत नाही.

त्या काळातल्या उपमार्शलांना पगार नव्हता. पकडून आणलेल्या माणसामागे आणि प्रवासाच्या मैलांमागे मोबदला मिळे. कैदी वाटेत मेला तर तो मोबदला बुडत असे आणि पुष्कळदा पुरण्याचा खर्चही अंगावर येत असे. पार्कर हे काही दयाळू न्यायाधीश नव्हते. त्यांनी १६० जणांना फाशी सुनावली आणि त्यांपैकी ७९ जण प्रत्यक्ष फासावर गेले. तरीसुद्धा माणूस जिवंत आणून उभा करण्यातच मार्शलचा फायदा राहील, अशी ती व्यवस्था होती. आपल्याकडे कित्येक वर्षे नेमके उलटे चालत आले. चकमकीत किती जण मारले याच्या आकड्यावर अधिकाऱ्यांची ख्याती उभी राहिली, वर्तमानपत्रांनी त्यांना ‘चकमकफेम’ ही पदवी बहाल केली, आणि शौर्यपदके व मुदतीआधीच्या बढत्या त्यामागोमाग आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, महाराष्ट्रातल्याच चकमकींवरून उभ्या राहिलेल्या प्रकरणात, सोळा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. चकमकीपाठोपाठ संबंधितांना बढती किंवा शौर्यपुरस्कार देऊ नये, हे त्यांतलेच एक आहे. माझ्या मते त्या सोळांतले हेच सर्वांत व्यवहारी सूत्र आहे, कारण ते पोलिसाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर भार न टाकता त्याच्या लाभाला हात घालते.

“तिकडे बसून बोलणे सोपे आहे, इथे खटले वीस-वीस वर्षे चालतात,” असे माझे एक मामा मला नेहमी सुनावतात. त्यांच्या रागात तथ्य आहे, आणि तारखांवर तारखा खाल्लेल्या कुटुंबापुढे मी फोर्ट स्मिथच्या गोष्टी सांगणार नाही. मात्र मुंबईतल्या शक्ती मिल प्रकरणात ऑगस्ट २०१३ मध्ये गुन्हा घडला आणि एप्रिल २०१४ मध्ये शिक्षा सुनावली गेली होती, हे मी मामांना आठवण करून देतो. तपास नीट झाला आणि सरकारने मनावर घेतले की आपलेच न्यायालय आठ महिन्यांच्या आत काम पुरे करते. पुढे उच्च न्यायालयाने त्यातली फाशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि तेही खुल्या न्यायालयात, कारणे देऊन. याउलट २०१९ मध्ये हैदराबादला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पहाटे गोळ्या घालून मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. त्यानंतर न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला, की गोळ्या मारण्याच्याच हेतूने झाडल्या होत्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. त्या चौघांतला कोण खरा दोषी होता, हे आता कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणार नाही. पीडितेच्या आई-वडिलांसाठीसुद्धा नाही.

ब्रेव्हस्टारच्या मालिकेतला एक भाग इथल्या लोकांच्या विशेष लक्षात आहे. त्यात अमली पदार्थाच्या नादी लागलेला एक लहान मुलगा आहे. कोणाला सांगणार नाही असे वचन दिल्यामुळे त्याचा मित्र गप्प राहतो, आणि मार्शलला कळेपर्यंत उशीर होतो. प्यूमाचा वेग असूनही तो पोहोचतो तेव्हा मुलगा वाचत नाही. मुलांच्या कार्टूनमध्ये असा शेवट त्या काळी अगदी दुर्मीळ होता. मार्शल तिथे सूडाने कोणाला गोळी घालत नाही आणि कथाही त्याला तसे करू देत नाही. नायक हरला हे ती सरळ दाखवते. आमच्या गटात मी या भागाविषयी लिहिले तेव्हा एका चुलतभावाने उत्तर पाठवले, की कार्टून आणि प्रत्यक्ष यांत फरक असतो. फरक असतो हे मलाही मान्य आहे. पण मुंबईत २००६ साली झालेल्या एका चकमकीत मारल्या गेलेल्या माणसाच्या वकील भावाने पोलिसांच्या सांगण्याला न्यायालयात आव्हान दिले, आणि ती चकमक खोटी असल्याचे ठरवून उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका चकमकफेम माजी अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, हे प्रत्यक्ष आहे. त्या निकालापर्यंत सतराहून अधिक वर्षे गेली, आणि ‘खटले वीस-वीस वर्षे चालतात’ असे म्हणताना माझ्या मामांच्या डोळ्यांपुढे हा खटला कधी नसतो.