स्क्रिप्ट तुमची, सातबारा रूटचा

सांगलीच्या मार्केट यार्डात एखाद्या हळदीच्या अडत दुकानाचा सर्व्हर तुम्ही सांभाळत असाल, तर रात्रीचा बॅकअप घेणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडींची फाईल, तुम्हीच लिहिलेली असणार. फाईलवर मालक म्हणून नावही तुमचंच. मग एके सकाळी, सौदे सुरू व्हायच्या तोंडावर, अडकून बसलेली ती स्क्रिप्ट किल करायला, म्हणजे बंद पाडायला जाता आणि टर्मिनल सुनावतं, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. चालू प्रोग्रॅमची, म्हणजे प्रोसेसची, यादी देणारी पीएस कमांड मारून बघता, तर युजरच्या रकान्यात रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी! घाबरू नका. पुढचे उपाय मनापासून करा, दिवस नक्की वाया जाईल.

ती सुरू कुणी केली, हे अजिबात शोधू नका. मालक बदलणारी चाऊन कमांड चालवून फाईल पुन्हा स्वतःच्या नावावर करा. आहेच म्हणता? तरी करा. आपल्याकडे कसेल त्याची जमीन व्हायला १ एप्रिल १९५७ उजाडावा लागला. युनिक्समध्ये पहिल्यापासून चालवेल त्याची प्रोसेस. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, याच्याशी कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, देणंघेणं नाही. पण तुम्ही उतारा काढत राहा.

तेवढ्याने भागलं नाही, तर सेटयूआयडी बिट लावा, म्हणजे कुणीही चालवली तरी फाईल मालकाच्या नावाने चालावी अशी खूण. फाईलींची यादी दाखवणाऱ्या एलएसमध्ये ‘एस’ कसा झोकात दिसतो! लिनक्स शेल स्क्रिप्टवरच्या त्या बिटाकडे ढुंकूनही बघत नाही, हे ऑफिसात कुणाला कळणार आहे?

पीपीआयडी, म्हणजे प्रोसेसच्या आईचा नंबर, बघितलाच, तर तिथे १ असू शकतो. जन्म देणारी शेल (कमांडी चालवणारा प्रोग्रॅम) मरून गेली की पोरकी प्रोसेस बहुधा १ नंबरच्या, म्हणजे रूटच्या नावाने चालणाऱ्या पहिल्या प्रोसेसच्या, घरी दत्तक जाते. लगेच जाहीर करा, ‘रूटच्या घरी गेली, म्हणून रूटची झाली!’ दत्तक गेल्याने तिचा युजर आयडी बदलत नाही, जन्मताना आईचा मिळाला तोच राहतो. पण इतकी छान गोष्ट खऱ्यासाठी कशाला मोडायची?

एक काम मात्र चुकूनही करू नका: सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, ‘क्रॉनटॅब वजा एल’, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी दाखवणारी कमांड. कारण तिथे तुमचीच ओळ सापडेल. सहा महिन्यांपूर्वी, हात पुसायलाही वेळ नव्हता तेव्हा, हळदीच्या पिवळ्या बोटांनी तुम्ही सवयीने आधी ‘सुडो’ टाइप केलं होतं आणि मग ती यादी बदलायला उघडणारं ‘क्रॉनटॅब वजा ई’. उघडलं ते रूटचं क्रॉनटॅब. तुम्ही इमानेइतबारे त्यात वेळ लिहिली, सेव्ह केलं आणि चहाला गेलात.

सापडलीच, तर ओळ तिथून काढून स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये टाका आणि निश्चिंत झोपा. स्क्रिप्ट ज्यात नोंदी करते ती जुनी लॉग फाईल अजून रूटच्याच नावावर आहे, हे विसरा. रात्री तुमची स्क्रिप्ट तुमच्याच नावाने उठेल, लॉग उघडायला जाईल आणि ‘परमिशन डिनाइड’ म्हणून पहिल्याच ओळीला आडवी होईल.

सकाळी मालक विचारतील, “काय ओ, झाला न्हवं बॅकअप?” तेव्हा तोंडात भडंगाचा मोठा बकाणा भरलेला असू द्या.