सोडलेला मासा जगतो का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

सडेतोड लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: निवडक मासेमारी, म्हणजे हवा तो मासा ठेवून जाळ्यात आलेला नको तो परत सोडणं, निव्वळ नाटक आहे, तो मरतोच, सॅमन (समुद्रातून नदीत अंडी घालायला चढणारा मासा) वाचवायचा तर सरसकट बंदी घाला, आणि पुण्यात बसून अमेरिकेतल्या माशांची उठाठेव कशाला?

नाटकाचं आधी घेतो, कारण ते अर्धं खरं आहे. गिलनेट या नेहमीच्या जाळ्यात मासा कल्ल्यांशी अडकून गुदमरतो. असा मासा उशिरा काढून पाण्यात टाकला, तर ते नाटकच. म्हणून तर अमेरिकेतल्या कोलंबिया या सॅमनच्या नदीवर वाद चालतो तो जाळं कोणतं यावरून. टँगल नेट या दुसऱ्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक असतो. माशाचं डोकं आत शिरत नाही, तोंड आणि दात अडकतात, कल्ले मोकळे राहतात. जाळं लवकर ओढायचं, दमलेला मासा नावेवरच्या वाहत्या पाण्याच्या पेटीत ठेवायचा आणि तरतरी आली की सोडायचा. अमेरिकेतल्याच लमी बेटाजवळची रीफनेट ही पद्धत मला त्याहून सरस वाटते. मचाणावर उभा माणूस पाण्यात पाहत असतो, थवा जाळ्यावर आला की ते उचलतात आणि नको ते मासे जिवंत परत जातात. पाणी तापलेलं असेल तर मात्र नीट सोडलेला मासाही पुढे दगावू शकतो. अशा दिवसांत जाळंच टाकू नये, इथे मी तुमच्या बाजूने.

कोणता सोडायचा हे कळतं कसं, असंही तुम्ही विचारलंय. हॅचरीतल्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या, बहुतेक पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापूनच त्यांना नदीत सोडतात. पर शाबूत असेल तर तो नदीतच जन्मलेला जंगली मासा समजायचा आणि परत पाण्यात.

आता बंदी. कोलंबियाच्या मुखातून अनेक उपनद्यांचे मासे एकत्रच चढतात. एकीचे भरपूर, शेजारणीचे संपत आलेले. त्यातल्या स्नेक या उपनदीचा सॉकाय (सॅमनचीच एक जात) १९९१ साली संकटग्रस्त जाहीर झाला आणि १९९२ मध्ये अंडी घालायच्या रेडफिश तळ्यापर्यंत एकच नर पोचला. त्याच्यापायी सगळी नदी बंद करायची, तर १८५५ च्या करारांनी मासेमारीचा हक्क राखून ठेवलेल्या याकामा, नेझ पर्स या तिथल्या मूळ जमातींनी काय करायचं? शिवाय त्या सॉकायच्या वाटेत आठ धरणं आहेत. सगळी जाळी जाळलीत तरी ती हटणार नाहीत, आणि निवडक मासेमारीनेही नाही.

राहिलं पुणं. अहो, मुळशी-मावळात चढणीचे मासे धरताना आपण काय करतो? ओढ्याला पहिलं पाणी आलं की गाबोळीने भरलेले मासे वर चढतात आणि नेमके तेच पागात (फेकायच्या जाळ्यात) जातात. सॅमन अंडी घालायला चढतो तसेच हे, फक्त वाट छोटी. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ओढ्यावर तेव्हाच झुंबड. उजनीत तर बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटभर पिल्लंही उपसली जातात. माझ्या मते चढणीचे ते मोजके दिवस ओढा मोकळा सोडावा, एरवी खुशाल पाग टाकावा.

तुम्ही भीमेकाठचे आहात असं लिहिलंय. तुमच्याकडे जाळ्याचा आस किती ठेवतात, ते जरूर कळवा.