डोनर साइटची पट्टी रोज सोडू नका

मामांच्या पायावर स्किन ग्राफ्ट झालं, म्हणजे दुसरीकडची कातडी तिथं लावली. ती मांडीवरून घेतली; कातडी घेतलेली ही जागा म्हणजे डोनर साइट. घरी येतात न येतात तोच सगळीकडे फिरणारा तो मेसेज त्यांच्या फोनवर हजर: ‘डोनर साइट उघडी ठेवा, हवेनं लवकर भरते. पट्टी रोज बदला. पिवळं पाणी म्हणजे पू. अँटिबायोटिक पावडर टाका.’ आणि मामा पट्टीचं टोक उचकटायला बसले!

रोज बदलण्याचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. ग्राफ्टसाठी सहसा कातडीचा वरचा पातळ थर काढतात. केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी खाली शिल्लक असतात. त्यांतल्या पेशी पसरत एकमेकींना भिडल्या की नवी कातडी धरते. हा थर सुरुवातीला इतका नाजूक असतो, की वाळून चिकटलेलं गॉज (पट्टीचं जाळीदार कापड) ओढलं तर तो गॉजसोबतच सोलून निघतो. रक्त येतं, माणूस कळवळतो आणि तेवढी जागा पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते. चिकटलेलं गॉज तसंच राहू द्या, खालची कातडी धरली की आपोआप सुटतं. भिजलाच तर वरचा कापूस बदलायचा, तोही डॉक्टरांना विचारून.

हवेनं खपली धरते, हे मान्य. पण खपलीखाली पेशींना ओलसर वाट शोधत जावं लागतं, त्यात वेळ जातो. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकलेली ओलसर जखम उघडीपेक्षा साधारण दुप्पट वेगानं भरते. माणसांबद्दल विचाराल, तर नेदरलँड्समध्ये २८९ रुग्णांवर सहा प्रकारची ड्रेसिंग्ज ताडून पाहिली. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. हायड्रोकोलॉइड, म्हणजे पाझर शोषून जेली होणाऱ्या चिकट पट्टीखाली, निम्म्या रुग्णांची जखम १६ दिवसांत भरली, बाकीच्यांखाली २३. गॉजवाल्यांत संसर्ग १८ टक्के, इतरांत ७.६. म्हणजे गॉजनं जखम भरत नाही असं नाही, पण निवड करता येत असेल तर सर्जनना हायड्रोकोलॉइडबद्दल जरूर विचारा. पारदर्शक फिल्मखाली दुखणं थोडं कमी, पण पाणी साचून गळतं.

पिवळं पाणी म्हणजे पू? पहिले काही दिवस जखम पाझरतेच. हायड्रोकोलॉइड तर विरघळून पिवळसर, वास येणारी जेली होते. ती पाहून लोक उगाच घाबरतात. पावडर सरसकट टाकायची काहीच गरज नाही, तिचे नुसते गठ्ठे होतात.

ताप आला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, कडेची लाली पसरू लागली किंवा पट्टीखालून घट्ट, हिरवट स्राव आला, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. पट्टी तेच सोडतील.